मेल्याचं सोंग घेणारं झुडूप

दोन हजार साल उलटल्यावरची दोन वर्षं मी आखातातल्या खैरानच्या आतल्या वाळवंटात एका बंद पडलेल्या रस्त्यापायी डोकेफोड करत होतो. रस्ता कसला, खडीच्या ट्रकांनी उतारावर पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. हिवाळ्यात चार सरी पडल्या की पाणी त्यांतूनच धावायचं आणि उतार खरवडून न्यायचं. आम्ही चाकोऱ्यांत आडवे दगड रचले आणि मध्ये अरफज लावला. हे इथलं गुडघाभर रानझुडूप. त्याची मुळं वाळू धरतात, आडोशाला चंडोल घरटं करतात, ससे दडतात.

आमचा इजिप्शियन मॅनेजर म्हणाला होता, "एक हिवाळा बघू. उतार टिकला तर सगळीकडे झाडं, नाहीतर सिमेंटची गटारं." मला तो उतार टिकवायचाच होता.

अरफजची एक खोड आहे. उन्हाळ्यात तो पानं झाडून मेल्याचं सोंग घेतो. मॅनेजरला हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. ऐन ऑगस्टमध्ये टँकरचा पंप बिघडला म्हणून मी दिवसभर शहराकडे, शुवैखच्या गॅरेजात अडकलो, आणि नेमका त्याच दिवशी मॅनेजरने आमच्या मुकादमाला फोन केला. उद्या मोठे लोक बघायला येणार, साइट साफ करा.

मुकादम कणकवलीकडचा, पन्नाशीचा. आम्ही त्याला काका म्हणायचो. मी परतलो तेव्हा तो घाम पुसत हसत होता.

"बघा साहेब, एक काटकी ठेवलंव नाय."

उतार बोडका. उपटलेला अरफज खालच्या वळणावर चाकोरीत ढीग करून टाकलेला, आणि काकांच्या हातात काडेपेटी.

"काका, ती जिवंत होती!"

"सुकलेली ती. आमच्यात पावसाच्या आदी असाच भाजून जमीन तयार करतत."

मी काडेपेटी हिसकावून घेतली. पुढे तोंडातून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही. काकांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मोठ्या लोकांनी साइटची स्वच्छता वाखाणली. माझा नुसता जळफळाट झाला.

हिवाळ्यात पाऊस पडला आणि उतार गेला. दगडांसकट गेला. वाळू थांबली ती एकाच ठिकाणी, काकांच्या ढिगापाशी. काटक्यांत गाळ अडकला आणि काही आठवड्यांत त्यात अरफजची बोटभर रोपं उगवली. काका रोज जाऊन बघायचे.

मग मॅनेजर गटारांची मापं घ्यायला आला. ढिगाला बूट लावून मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये कचरा उठाओ."

काका पुढे झाले. आजवर त्यांनी कुणाही साहेबाला नाही म्हटलं नव्हतं.

"साब, ये कचरा नहीं है. जिंदा है."

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता, पण राग आला. हेच वाक्य मला ऑगस्टमध्ये हवं होतं.