मांडी घालायची नाही

डॉक्टरांनी दोन एक्स-रे दिव्याच्या पाटीवर शेजारी शेजारी लावले. एक गुडघा माझा, एक अण्णाचा. आम्ही भाऊ एकमेकांसारखे दिसत नाही, असं लोक आयुष्यभर म्हणत आले. आतून मात्र हुबेहूब होतो.

"दोघांचीही मधली गादी गेलीय," डॉक्टर म्हणाले.

"गादी कवाच पोराला दिली की," अण्णा म्हणाला. त्याचं भवानी पेठेत भुसाराचं दुकान होतं. डॉक्टरांना विनोद कळला नाही. ते तरुण होते आणि त्यांना पुढचं वाक्य बोलायचं होतं. "गुडघा बदलला की चालायचं, जिना चढायचा, शेतात जायचं, सगळं करायचं. फक्त मांडी घालायची नाही आणि उकिडवं बसायचं नाही."

हे वाक्य ते दिवसातून बऱ्याचदा बोलत असावेत, कारण शेवटचा भाग त्यांनी आमच्याकडं न बघताच उरकला. मी 'शेतात जायचं' एवढंच ऐकलं. अण्णानं 'मांडी घालायची नाही' एवढंच ऐकलं.

शेत म्हणजे अक्कलकोट रस्त्यावरच्या फाट्यापासून आत, वडिलांनी घेतलेली थोडी काळी जमीन. ज्वारी, आणि कडेनं करडई. कसायला वाटेकरी. मी कॉलेजातून निवृत्त झालो आणि अण्णानं दुकान मुलाकडं सोपवलं, तेव्हापासून आम्ही दर रविवारी तिकडं जायचो. फाट्यावर एसटीतून उतरायचं, गाडीवाटेनं चालायचं, मधला ओढा ओलांडायचा, बांधावर बसून भाकरी आणि शेंगाचटणी खायची, परत यायचं. शेताला आमचा काडीचा उपयोग नव्हता. आम्ही आलो की वाटेकरी हातातलं काम टाकून बोलत बसे, म्हणजे झालं तर नुकसानच. पण आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो ते त्या वाटेवर. घरात कानडी आणि मराठीचा एकत्र गोंगाट असतो, त्यात दोन म्हाताऱ्यांचं कोण ऐकतंय! फाट्यावर उतरलं की अण्णा म्हणायचा, "नडी, तम्मा." चल, धाकट्या. मग तो पुढं आणि मी मागं.

गुडघे बिघडल्यापासून आमची मजल ओढ्यापर्यंतच जायची. ओढ्याच्या उतारावर आम्ही एकमेकांना धरून उभे राहायचो आणि पलीकडची ज्वारी लांबून बघून माघारी फिरायचो. मला ते सहन होत नव्हतं. म्हणून तर दोघांना घेऊन मी डॉक्टरांकडं गेलो होतो.

परतताना रिक्षात अण्णा म्हणाला, "म्या न्हाय करणार."

"का?"

"मांडी."

"खुर्चीत बस की."

"जित्तेपणी बशीन. मागनं?"

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही पुरत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, जणू पूजेला बसलाय. खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा खणतात आणि त्यात त्याला तसाच बसवून माती लोटतात. आमचे आजोबा तसे बसले, वडील, म्हणजे आप्पा, तसे बसले. मी इतिहास शिकवत असे, त्यामुळं ही चाल कुठून आली याबद्दल तासभर बोलू शकलो असतो. अण्णाला तिचा उगम नको होता. त्याला जागा हवी होती.

"लोखंडाचा गुडघा वाकला न्हाय तर काय खुर्चीत घालून पुरणार हायत मला?"

"आडवं ठेवतील. तुला काय कळणार आहे?"

"आप्पाच्या शेजारी आडवा? लाज वाटंल बे."

तो खरंच चिडला होता. मला हसू आवरेना आणि रिक्षावाला आरशातून आम्हा दोघांकडं बघायला लागला.

पुढच्या खेपेला मी एकटाच डॉक्टरांकडं गेलो आणि माझं सगळं विचारून झाल्यावर अण्णाचा प्रश्न विचारला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, मनाई जिवंत माणसाला असते. नंतरची तक्रार घेऊन आजवर माझ्याकडं कुणी आलेलं नाही."

हे मी अण्णाला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "येईल कसं? मांडी घालून बसवलेलं पुन्हा उठतंय व्हय?"

शेवटी माझ्या एकट्याचं ऑपरेशन झालं. कमरेखाली मी नव्हतोच आणि कमरेवर जागा होतो. पडद्यापलीकडून सुताराच्या कारखान्यातले आवाज येत होते आणि तिथली मंडळी कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होती. दुखणं नंतरचं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. गोड आवाजात "आजोबा, अजून थोडं," म्हणायची आणि माझी टाच मागं दाबायची. मी वाचलेल्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा त्या वेळी काही उपयोग झाला नाही. मी ओरडायचो.

अण्णा रोज दुपारी यायचा. माझी टाच दाबली जात असताना खिडकीकडं तोंड करून उभा राहायचा. ती मुलगी गेली की म्हणायचा, "आता बघ." मग टेबलाचा पाय धरून, कण्हत, टप्प्याटप्प्यानं खाली उतरायचा, जमिनीवर मांडी घालायचा आणि विजयी मुद्रेनं वर माझ्याकडं बघायचा. उजवा गुडघा जमिनीपासून चांगला हातभर वर राहायचा. तो मी बघितला नाही, असं आमचं ठरलेलं होतं. त्याला उठवायला माझी बायको आणि सून दोघी लागायच्या. आम्ही जेवायचो तेही असंच. मी वर खुर्चीवर, थोरला भाऊ खाली फरशीवर. जन्मभर मांडीला मांडी लावून जेवलो आणि आता मला वरून त्याचं टक्कल दिसायचं.

मी काठीशिवाय चालायला लागलो, तेव्हा दवाखान्यानं समारंभ केला. हल्ली माणूस बरा झाला की त्याचा सत्कार होतो. व्यासपीठामागं मोठा फलक होता आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'चला, चालते व्हा!' हे कुणालाच खटकलं नव्हतं. नवे गुडघे बसवलेले आम्ही सगळे एकामागून एक व्यासपीठावर चालून दाखवत होतो, टाळ्या पडत होत्या, आणि शाल-श्रीफळ द्यायला आलेले पुढारी पाच पायऱ्या चढताना दोघांच्या खांद्यावर हात टाकून आले होते. अण्णा पहिल्या रांगेत होता. मी शाल घेऊन खाली आलो, तर तो डोळे पुसत होता.

"काय झालं?"

"ते वाच की," फलकाकडं बोट करून तो म्हणाला. "म्हाताऱ्यांना ह्याच्यापेक्षा सरळ कसं सांगायचं माणसानं!" हसून हसून त्याला ठसका लागला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही फाट्यावर उतरलो. अण्णा हॉटेलच्या बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "तू जाऊन ये. म्या हितं हाय." मी ओढ्यात उतरलो, पलीकडं चढलो, बांधापर्यंत गेलो. फार दिवसांनी ज्वारीची पानं हाताला लागली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. परत आलो तर अण्णाचा चहा तसाच पुढ्यात होता, वर साय धरलेली.

"कितपत आलीय?"

"छातीपर्यंत."

"तुज्या का माज्या?"

त्याच्या. तो माझ्यापेक्षा बुटका होता.

मग त्याला फाट्यापर्यंत येणंही होईना. एसटीची पायरी उंच पडायला लागली. मी एकटा जायचो आणि बांधावरून त्याला फोनवर शेत दाखवायचो. त्याला ते आवडायचं नाही. "रान लई हलतंय. धर की नीट." मी नीटच धरायचो, वाऱ्यानं ज्वारीच हलायची. "आता कर की ऑपरेशन," असं मी कधी मधी म्हणायचो. तो वहिनींना हाक मारून फोन त्यांच्याकडं द्यायचा. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तो विषय काढू नका. दिवसभर मग मांडी घालून बसतात आणि मला उठवावं लागतं."

हुरड्याच्या दिवसांत अण्णाच्या छातीत कफ भरला. दवाखान्यातून घरी आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, आणि एका सकाळी चहा मागून तो यायच्या आत गेला.

अंग कडक व्हायच्या आत बसवायचं असतं. पेठेतली जाणती माणसं जमली, स्वामी आले. त्यांनी त्याला भिंतीला टेकवलं आणि पाय दुमडायला घेतले. डावा दुमडला. उजवा दुमडेना. इतकी वर्षं दुखतोय म्हणून जपलेला तो गुडघा आतून आखडून गेला होता. कुणीतरी टाचेला धरून मागं दाबलं. दुसऱ्यानं मांडीवर भार दिला. "अजून थोडं," एक जण म्हणाला.

वहिनी दारात उभ्या होत्या. तोवर रडल्या नव्हत्या. त्या एकदम ओरडल्या, "सोडा त्यांना! दुखतंय त्यांना!"

सगळे थांबले. साऱ्यांनी स्वामींकडं बघितलं, आणि स्वामींनी माझ्याकडं, जणू कॉलेजात हे शिकवत असावेत.

"आहे तसं राहू द्या," मी म्हणालो.

स्वामी म्हणाले, "वरून शाल घाला. दिसायचं नाही."

अण्णा तसा गेला. एक पाय दुमडलेला, एक पुढं सोडलेला, वर शाल. मखर उचललं, फुलं उधळली, वाजंत्री लागली. त्याला या गाजावाजाचं काही वाटलं नसतं. तो फक्त नीट बसता आलं का, एवढंच विचारत राहिला असता.

मी स्मशानापर्यंत पूर्ण वाट चाललो. काठी नाही, लंगडणं नाही. वाटेत एक ओळखीचे गृहस्थ शेजारी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "सर, काय चालताय! कुठं केलं ऑपरेशन?" मी त्यांना दवाखान्याचं नाव सांगितलं. चढ संपेपर्यंत त्यांनी टाक्यांबद्दलही विचारलं.

कोनाडा पाय दुमडलेल्या माणसाच्या मापानं खणला होता. तो आणखी थोडा खणावा लागला. वडिलांच्या बाजूला अण्णाला बसवलं. माती द्यायला सगळे काठाशी उकिडवे बसले आणि हात आत नेऊन हळूच माती सोडू लागले. मला तसं बसता येत नव्हतं. मी उभ्यानं मूठ उघडली. एवढ्या वरून माती सरळ खाली गेली नाही, पुढच्यांच्या डोक्यांवर आणि पाठींवर पडली. कुणी मागं वळून बघितलं नाही.

सगळं उरकल्यावर एका रविवारी मी शेतावर गेलो. ज्वारी काढून झाली होती, रानात नुसती धसकटं होती. वाटेकऱ्यानं मला येताना बघितलं आणि घरातून लाल प्लास्टिकची खुर्ची आणून बांधाजवळ मांडली. ढेकळांत ती एका बाजूला कलायची, म्हणून त्यानं एका पायाखाली दगड लावला. मी बसलो. पुढ्यात मोकळं रान आणि मी एकटा खुर्चीत, कुणीतरी भाषणाला बोलावून विसरून गेलेल्या माणसासारखा. वाटेकरी थोडा वेळ शेजारी उभा राहिला, मग कामाला गेला. भाकरी मी तशीच परत बांधली.

ओढा उतरलो, चढलो, फाट्यापर्यंत चालत आलो. गुडघा अजिबात दुखला नाही.