सोमसूत्रापाशी थांबलेली दोरवाट

मी बांधलेल्या दोरवाटेने चार जण एका कड्यावर पोचले आणि त्यांतला एकही जिवंत परतला नाही. चौथा मीच.

वाचकांनी घाबरू नये. हे सारे संगणकावरच्या एका खेळात घडले. निर्जन बेटावर तग धरायचा, लाकडे तोडायची, अन्न शोधायचे आणि अंधार पडल्यावर हिंडणाऱ्या नरभक्षकांपासून (मी त्यांना निशाचर म्हणतो; उगाच अपशब्द कशाला?) जीव वाचवायचा, असा तो खेळ. माझी नात शर्वरी डोंबिवलीला राहते आणि मी वर्तकनगरला. नकाशात हे अंतर किरकोळ आहे. शीळफाट्यावरच्या वाहनकोंडीत ते एकाएकी वाढते! पत्नी गेल्यानंतर मुलाने "आमच्याकडेच या" असा पुष्कळ आग्रह केला; पण देवघर हलवण्याचे धैर्य मला झाले नाही. तेव्हा शर्वरीने एके दिवशी येऊन माझ्या टेबलावर संगणक मांडला, माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि म्हणाली, "आबा, आता रोज संध्याकाळी बेटावर भेटायचं."

संध्या आटोपून मी रोज बेटावर जाऊ लागलो. दिवसभर न बोललेल्या घरात तेवढा वेळ तिचा आवाज असे. याहून अधिक मला काही नको होते.

बेटावर तिचे दोन मित्रही असत: कल्याणचा सिद्धार्थ आणि शीळफाट्याजवळच्या गावातली मोनाली. दोघेही गुणी, पण माझ्या एका सवयीने त्यांना जेरीस आणले होते. वृक्ष तोडण्यापूर्वी त्याची क्षमा मागावी, असे आमच्या घरात शिकवलेले आहे. एके संध्याकाळी मी ती यथासांग मागत असता निशाचर आले. त्यानंतरचे संभाषण मी निमूटपणे ऐकले. (हेडफोन लावून गप्प बसलेला म्हातारा झोपलेलाच असतो, अशी तरुणांची दृढ समजूत आहे.)

"शरू, आबा भारी आहेत, मान्य," सिद्धार्थ म्हणाला. "पण यार, ते झाडाला सॉरी बोलेपर्यंत माझा गेम झाला ना!"

"शनिवारपर्यंत बघू," शर्वरी हलकेच म्हणाली. "झिपलाइनचं काम आबांना देते. शनिवारी सगळा माल कॅम्पवर पोचला तर आबा राहतील. नाहीतर मीच सांगेन त्यांना."

बेट गेले, तर संध्याकाळही गेली!

झिपलाइन म्हणजे उंच जागेवरून सखल जागेकडे ताणलेला दोर. वर लटकायचे आणि घसरत खाली पोचायचे. उलट चढता येत नाही. असे दोर एकापुढे एक जोडत पूर्वेच्या किनाऱ्यावरचा माल पश्चिमेच्या कॅम्पवर न्यायचा होता. मी पूर्ण निष्ठेने कामाला लागलो. आता, बेटाच्या मधोमध एक काळा, गुळगुळीत, घुमटाकार डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावरून एक ओढा उत्तरेकडे कोसळतो. पहिल्याच दिवशी मी त्याला हात जोडले होते. साक्षात पिंडी! तेव्हा दोर कसेही कसे बांधणार? डोंगर उजव्या हाताला राहील अशीच दोरवाट मी दक्षिणेकडून, मग पश्चिमेकडून वळवत नेली. वाटेत कॅम्प अगदी पायांखाली दिसला. पण प्रदक्षिणा अर्धवट सोडणे मला प्रशस्त वाटेना. उत्तरेच्या ओढ्यापर्यंत गेलो आणि एका उघड्या कड्यावर थांबलो. शंकराच्या पिंडीवरचे तीर्थ वाहून जाते ते सोमसूत्र. ते ओलांडायचे नसते. तेथवर जावे आणि आल्या वाटेने मागे फिरावे, हे कोणालाही ठाऊक असते.

दोराला मात्र ते ठाऊक नव्हते.

शनिवारी शर्वरी माल घेऊन प्रथम निघाली. "आबा, काय स्मूद बनवलंय!" ही तिची आरोळी ऐकून मला भरून आले. थोड्याच वेळात दुसरी आरोळी आली.

"आबा! पुढचा दोर कुठाय?"

"तिथून परत फिरायचं, बाळ."

"परत कशी फिरू? दोर वर चढत नाही! खाली दरी आहे!"

"थांब, मी येतो," म्हणत सिद्धार्थ निघाला आणि तिच्याशेजारी जाऊन अडकला. तो काय करतोय हे पाहायला मोनाली गेली. अखिल बेटावरचा शेवटचा दोर माझ्या पिशवीत होता.

"आबा, तुम्ही येऊ नका! खालून मदत करा!" तिघेही ओरडले. पण नातीला संकटात टाकून दूर उभे राहणे मला कसे जमावे? तोवर मी हवेत होतो.

"आलात ना? बरं, आता तो दोर ओढ्यापलीकडे मारा," शर्वरी म्हणाली. "तिकडून उतरता येईल. लवकर, अंधार पडतोय. इथे लाकूड नाही, शेकोटी नाही. थंडीने मरू!"

मी दोर हाती घेतला आणि तसाच उभा राहिलो.

"आबा, हा ओढा गेमवाल्यांनी बनवलाय!" सिद्धार्थ कळवळून म्हणाला.

"देवालय तरी कोण बांधतो, बाळा? गवंडीच ना?"

मोनाली म्हणाली, "आमचे गावान पन शंकराचा देऊल हाय. आजी कवाच वलांडू देत नाय."

"तू पण?" सिद्धार्थ किंचाळला. "आबा, शास्त्रात काही सेटिंग नसतं का?"

आणि मला आठवले! सोय आहे! मध्ये गवत, लाकूड, पान किंवा दगड असेल, तर ओलांडण्याचा दोष लागत नाही. दोर तर गवताचाच वंशज! मी आनंदाने सांगू लागलो. परंतु अपवाद सांगायचा तर आधी नियम सांगायला हवा, नियम सांगायचा तर त्यामागचा हेतू; आणि अर्धवट विद्या देऊ नये, असे आमचे गुरुजी म्हणत. दोर अखेर कोणत्या वर्गात मोडतो, याचा मी निर्णय देत असता पडदा काळा झाला. चौघेही गारठून मेलो होतो. माल कड्यावरच राहिला.

शर्वरीला ते वाक्य उच्चारावे लागू नये, म्हणून मीच म्हणालो, "शरू, मी येतो आता. तुम्ही खेळा."

"कुठे निघालात, आबा?" सिद्धार्थ हसत होता. "दोर शेवटी गवत की लाकूड, ते तर सांगा!"

"बसा हो आबा," शर्वरी म्हणाली. "फक्त दोराला हात लावायचा नाही. उद्यापासून तुम्ही चूल सांभाळा. चूल एका जागी असते."

मी कृतकृत्य झालो. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, आणि त्या बेटावर साबुदाणा मिळत नाही!