घासलेल्या भांड्यांवरचं पाणी

पहिल्या बाळंतपणाला मी शिनोलीहून एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत जुन्नरला माहेरी आले, तेव्हा घरात एकच विषय चालू होता, भांडी कोणी घासायची. मला वाटलं होतं, लेक सातव्या महिन्याची आलीय, कोडकौतुक होईल, डोहाळे विचारतील. आत्यानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला खरा, पण तेवढ्या वेळातही तिचं लक्ष मोरीकडंच होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन-चार वर्षांतच कपाळ पांढरं झालं आणि ती आमच्याकडं आली ती कायमची. जीभ तिखट, पण माणूस मायेचं. गुडघ्यांनी मात्र दावा साधला होता. चुलीपुढं पाटावर कशीबशी बसायची, पण मोरीत उकिडवं बसणं तिला जमायचं नाही. घरातल्या बाप्यांनी उष्ट्या भांड्याला हात लावायचा ही तर त्या काळी बोलायचीसुद्धा गोष्ट नव्हती. राहिले मी, तर मला पाण्यात हात घालू देईनात. पोटुशी बाईनं गारठ्यात मोरीवर बसायचं नाही म्हणे. म्हणजे इतकी वर्षं सगळी भांडी एकट्या आईनं घासलेली होती, घरच्यांचीही आणि शेतावरच्या गड्यांचीही.

आईचे हात मी उजेडात धरून बघितले. बोटांच्या बेचक्यांत लाल चिरा, तळव्यांची सालपटं निघालेली, मूठ मिटेना की उघडेना. पेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हाताला पाणी लावायचं नाही, आणि चिरा भरल्याशिवाय तान्ह्या बाळाला तर हात लावायचाच नाही.

खरं दुखणं इथं होतं. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या आईच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली होती. कुणाच्या घरी बाळंतपण झालं की आधी तिला बोलावणं यायचं. पाय लांब करून बसायची, पायांवर बाळ पालथं घ्यायची आणि असं काही चोळायची, की रडणारं पोर मध्येच थांबून विचारात पडायचं. आणि आता स्वतःच्या लेकीचं पहिलं बाळ येणार, तर हिनं लांब बसून बघायचं! गावात न्हाऊ घालणारी दुसरी बाई होती, नाही असं नाही. पण ती पोरांना परातीतल्या कणकेसारखी मळायची. मी सांगून टाकलं, माझ्या बाळाला आईच न्हाऊ घालणार, नाहीतर मी परत शिनोलीला जाते. आई हसली नाही. पदराखाली हात झाकून घेतले आणि म्हणाली, बघू.

म्हणून भांड्यांना बाई बघायची ठरली. आणि भोपळ्याएवढं पोट पुढं आलेली मी, मला दुसरा उद्योग काय? मी मागच्या दारात पाट टाकून बसले आणि मुली बघायच्या कार्यक्रमासारख्या भांडीवाल्या बघायला लागले.

पहिली आली ती घाटघरकडची. भातकापणी उरकून कामाला खाली उतरली होती. अंगानं दणकट, हसरी. आमची राखेची डेचकी बाजूला सारून तिनं पदरातून आणलेली वाळू घेतली आणि पितळेची पातेली अशी घासली की त्यांत तोंड दिसावं. आत्या तर खूषच झाली. दुसऱ्या दिवशी आमटीचा पहिला घास घेतला आणि वडिलांनी तोंड वाकडं केलं. आमटी कळकली होती, हिरवट, जिभेवर कसनुशी. वाळूनं आतली सगळी कल्हई खरवडून निघाली होती! तिच्या घरी मडकी आणि लोखंडी तवा, कल्हई म्हणजे काय हे तिला कोण सांगणार? आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही हे खरं.

दुसरी गल्लीतलीच होती. भांडी बरी घासायची, पण तोंड भांड्यांपेक्षा जास्त वाजायचं. आमच्याकडं काल काय शिजलं, काय उरलं, कोण कुणावर रुसलं, हे तिसऱ्या प्रहरापर्यंत विहिरीवर पोचलेलं असायचं. माझ्या सासूनं फराळाचं काय पाठवलं आणि किती वाईट लागलं, हेही तिथं पोचलं. आत्यानं तिला खणानारळानं वाटेला लावलं.

तिसरी मिळाली ती मात्र शोधून नाही. सातव्या महिन्यातली ओटी भरायची म्हणून हिरवा चुडा भरायला मण्यारीण आली, म्हणजे आमच्या मुसलमान आळीतली बांगड्या भरणारी मावशी. नवरा गेला तसं धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. रविवारच्या बाजारात टोपली घेऊन बसायची तेवढंच. तिनं माझा हात हातात घेतला, अंगठा आत दाबला आणि बोलता बोलता चुडा चढलासुद्धा. मग आईची पाळी आली. आईनं हात पुढं केला, तिनं तो नुसता बघितला आणि टोपलीतून काढलेली बांगडी परत टोपलीत ठेवली.

"वयनी, ह्या हातात आत्ता न्हाई चढायची."

मग तिनं विचारपूस केली, आईनं सगळं सांगितलं, आणि ती म्हणाली, मी घासत जाईन. आई एका पायावर तयार झाली. आत्याचा चेहरा मात्र पडला. तिनं परीक्षा म्हणून दुधाची करपलेली तपेली पुढं टाकली. मावशीनं त्यात पाणी आणि राख घालून ती बाजूला ठेवली, तोवर माझ्याशी गप्पा मारल्या आणि मग नारळाच्या काथ्यानं हळूहळू सोलल्यासारखी करपलेली खरवड काढली. कल्हईला ओरखडा नाही. काचेच्या बांगड्या चढवणारे हात ते, कुठं किती दाबायचं हे त्यांना ठाऊक होतं.

आत्या म्हणाली, घासू दे, पण भांडी आत घेताना आपल्या हातानं वरचं पाणी घ्यायचं. आईनं मान हलवली. त्यात बोलण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. परक्या हातची भांडी वरचं पाणी घातल्याशिवाय चुलीकडं जात नसत. शेजारीपाजारी सगळीकडं तेच होतं.

आता आईचे हात बरे व्हायला हवे होते. राख गेली, चिंच गेली, धुणं आधीच परटिणीकडं जायचं, पिठाला आत्या हात लावू देत नव्हती. दर रविवारी बाजारातून येताना मावशी एक बांगडी घेऊन यायची आणि आईच्या बोटांवरून सरकवून बघायची. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडायची आणि आई सुस्कारा टाकायची. मी बाळाच्या टोपड्याला टाके घालत बसले होते. पोट खाली उतरायला लागलं होतं आणि बांगडी काही वर चढत नव्हती.

मला चैन पडेना. लहानपणापासून माझी खोडच ती, एखाद्या गोष्टीचं मूळ कळलं नाही की जेवण गोड लागत नाही. आत्या म्हणाली, वांग्यानं होतंय, म्हणून वांगं बंद. मला वाटलं, चिरांना लावायचं कोकमाचं तेल जुनं असेल, म्हणून नवा गोळा मागवला. डॉक्टरांनी मलम बदलून दिलं आणि पुन्हा विचारलं, पाणी लावत नाही ना? आई छातीवर हात ठेवून म्हणाली, शपथ नाही. आणि माझी आई खोटं बोलणारी नव्हे.

मग एका दुपारी मी भाजलेल्या शेंगा घेऊन मागच्या दारात बसले होते. मावशीनं भांडी घासली, विसळली, दगडावर पालथी घातली आणि पदराला हात पुसत विहिरीकडं तोंड करून उभी राहिली. हे ती रोज करायची. मला वाटायचं, वारा घेते. आई बादली घेऊन बाहेर आली. एकेक भांडं उचललं, पाण्यानं खळबळून घेतलं, हातानं निपटलं, आत नेलं. पातेली, ताटं, वाट्या, तांबे. कोपरापर्यंत ओघळ. पौषातलं पाणी, बोटं निळी पडलेली. शेवटचा तांब्या आत ठेवून तिनं हात पदराला पुसले, तर पदरावर लाल रेघा उमटल्या. आई आत गेल्यावर मावशी वळली.

रोज दोन वेळा हे माझ्या डोळ्यांपुढं चाललं होतं आणि मी वांग्याला नावं ठेवत होते! आधी मला हसू आलं, मग असा राग आला की पोटातल्या बाळानंही लाथ मारली.

संध्याकाळी पानं वाढल्यावर मी विषय काढला. डॉक्टरनं पाणी बंद केलंय ना, मग हे दोन वेळा बादलीभर पाणी कुठल्या हातांवर पडतं, असं विचारलं. आई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, अगं, ते का भांडी धुणं आहे? ते वरचं पाणी. तिच्या लेखी ते काम नव्हतंच, आणि म्हणून ते पाणीही नव्हतं. ती खोटं बोलली नव्हती हो. तिला ते दिसलंच नव्हतं.

मी आत्याकडं वळले. मी कशाला गप्प बसते? म्हटलं, "आत्या, तिनं माझा हात धरून चुडा भरला, तेव्हा माझ्या हातावर पाणी घातलं का कुणी?"

"चुड्याला इटाळ नसतो," आत्या म्हणाली.

"मग तपेलीला का असतो?"

वडिलांनी घसा खाकरला आणि म्हणाले, एवढं असेल तर दुसरी बाई बघा, आपल्यातली. आई कधी नव्हे ते पटकन बोलली, दुसरी नको. आता कुठं नवीन बाई शोधायची, दिवस भरत आले. आणि मग तिनं जे केलं ते मला अजून विसरता येत नाही. स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, आणि कुणाकडंच न बघता नुसती म्हणाली, "म्हंजी हे नसतं तर भरले असते."

आत्या त्या दिवशी पुढं जेवली नाही. तिला माझा राग आला असेल असं मी धरून चालले. आता सांगायला हवं, मला आई न्हाऊ घालायची तेव्हा पाणी घालायला आत्या असायची. बाळाची अंघोळ म्हणजे दोन बायकांचं काम, एक पाय लांब करून बसणारी आणि दुसरी तांब्यानं धार धरणारी. दोघींचं एरवी कितीही वाजू दे, त्या वेळी एका लयीत चालायचं. आत्याला स्वतःचं मूल नव्हतं. गल्लीतल्या कुठल्या बाळाची पहिली अंघोळ कशी झाली हे ती सणावारासारखं सांगायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं भांडी पालथी घातली आणि नेहमीसारखी विहिरीकडं वळून उभी राहिली. आई बादली उचलायला गेली, तर आत्यानं तिला हातानंच बाजूला केलं. भिंतीला धरत, गुडघ्यांना शिव्या देत ती पायऱ्या उतरली. दगडापाशी गेली, वाकली आणि मोठं पातेलं वरचं पाणी न घालता तसंच उचलून कडेवर घेतलं. मावशीला वाटलं, म्हातारीला विसर पडला. ती घाईनं दोन पावलं पुढं आली आणि थांबली.

"आक्का, पाणी घालायचं ऱ्हायलंय."

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "ताटं तू घे. मला एवढी न्हाई उचलत."

मावशी जागची हलेना. आमच्या घरात इतके दिवस येऊन तिनं मागचा उंबरा ओलांडला नव्हता. आत्या आत येऊन मागं वळली आणि वैतागून म्हणाली, आता आवतण देऊ का? तेव्हा ती आली. ताटं तिनं मांडणीवर एकेक करून, आवाज न होऊ देता ठेवली. ती गेल्यावर आत्या बराच वेळ देवापाशी बसून होती. काय बोलली देवाशी, तिलाच ठाऊक. कुणी विचारायचं धाडस केलं नाही, मीसुद्धा नाही.

पुढचे काही रविवार बांगडी थोडी थोडी पुढं सरकली. शेवटी एकदा हाडावरून उतरून मनगटात जाऊन पडली, तेव्हा आई लहान पोरीसारखी हात हलवत बसली. मावशीनं त्या दिवशी तिला दोन्ही हात भरून बांगड्या भरल्या, जुने लोक म्हणतात तसा वज्रचुडा. डॉक्टरांनी हात बघून मान डोलावली. त्यानंतर चार-दोन दिवसांतच मला कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी मी बाजेवरून बघत होते. न्हाणीचं दार उघडं होतं. आईनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, पाय लांब केले आणि माझा मांसाचा गोळा स्वतःच्या नडग्यांवर पालथा निजवला. आत्या शेजारी भिंतीला टेकून तांब्या घेऊन उभी. घंगाळ अजून रिकामंच होतं. चुलीवरचा कढत पाण्याचा हंडा उचलणं दोघींपैकी एकीच्याही आवाक्यातलं नव्हतं. मला वाटलं, वडिलांना हाक मारतील.

आत्यानं मागच्या दाराकडं तोंड केलं आणि मावशीला हाक मारली. ती राखेचे हात धुऊन आली. फडक्यानं हंडा धरला, घंगाळात ओतला, मग विहिरीचं गार पाणी आणून थोडं थोडं घातलं. आत्यानं कोपर बुडवून बघितलं आणि म्हणाली, अजून थोडं. मावशीनं आणखी एक तांब्या घातला. पुन्हा कोपर बुडवून आत्यानं मान हलवली.

मग आत्यानं धार धरली, पोरगी टाहो फोडून रडली, आणि आईचा हात तिच्या पाठीवरून मानेपासून खालपर्यंत फिरला. पोरगी मध्येच थांबली आणि विचारात पडली.