सावकाश सांगणारे भाऊजी

मरणाची बातमी सांगावी ती आमच्या भाऊजींनीच. नात्यात कुणी गेलं की डॉक्टरांच्या मागोमाग भाऊजींना फोन जायचा. रडायला बाकीचे होतेच. सांगायला मात्र हेच लागायचे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवायचे आणि आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायचे. लग्न केलं नाही, म्हणजे नको म्हणाले असंही नाही. एक मुलगी पसंत पडली होती, पण होकार कळवायला त्यांनी इतका वेळ लावला, की तिच्या मुलाच्या बारशाला आम्ही जेवून आलो.

माझी ख्याती नेमकी उलटी. मी फोनवर आधी 'हॅलो' म्हणते की आधी 'गेले' म्हणते, याबद्दल घरात अजून दुमत आहे. नणंदेचे सासरे वारले तेव्हा ती स्टुलावर चढून लोणच्याची बरणी काढत होती. मी दारातूनच सांगून टाकलं. बरणी फुटली, नणंदेचा पाय मुरगळला आणि दुखवट्याला आलेली माणसं पायाचीच चौकशी करून गेली.

भाऊजींचं काम मी जवळून पाहिलं ते मामांच्या वेळी. आमच्या सासूबाई, सगळ्यांच्या जीजी, मूळच्या सोयगावकडच्या. त्यांचे भाऊ फर्दापूरला वारले. गाडी आमचे हे चालवत होते, मी पुढं, आणि मागं जीजींचा हात हातात घेऊन भाऊजी. निघताना एवढंच म्हणाले, "मामाला जरा बरं नाय, जीजी. भेटून येऊ." फुलंब्री मागं पडल्यावर म्हणाले, "दवाखान्यात नेलं व्हतं म्हणं." मग सिल्लोडपर्यंत अवाक्षर नाही. सिल्लोडला चहा पाजला आणि कप परत देता देता म्हणाले, "बोलत नाय म्हणत्यात." पुढं घाटात गाडी कडेला घ्यायला लावली आणि उरलेलं सांगितलं. जीजी रडल्या, पण बसल्या जागी रडल्या, कोसळल्या नाहीत. मी पुढं तोंडात पदर कोंबून बसले होते. दुःखापेक्षा मध्येच काही बोलून जाईन याची धास्ती जास्त होती.

"वहिनी, माझं संशोधन मामाच्या बातमीसारखंच आहे," एकदा जेवताना ते म्हणाले. "क्वांटम नावाचा एक नव्या जातीचा संगणक असतो. त्याला अवघड प्रश्न एकदम घालायचा नाही. ज्याचं उत्तर ठाऊक आहे अशा सोप्या प्रश्नावर आधी त्याला शांत बसवायचं आणि मग तो प्रश्न हळूहळू अवघडाकडं बदलत न्यायचा. हळू नेलं तर तो तसाच शांत राहतो, आणि शेवटी त्या शांतपणातच उत्तर सापडतं. घाई केली की बिचकून वर उडी मारतो. मग उत्तर चुकलं."

"मग सगळंच हळू करा की. तुम्हाला ते काय अवघड!"

"तेवढी सवड नसते ना. फार रेंगाळलं की बाहेरची ऊब, गोंगाट आत शिरतो आणि सगळं विस्कटतं. शेजारणी दारात येण्याआधी सांगून व्हायला हवं, तसं. म्हणून एरवी पळायचं आणि वाट जिथं अरुंद होते तिथंच पाय आवरायचा. ती जागा आधी दिसत नाही. ती हुडकायला मी दुसऱ्या एका साध्या संगणकाला शिकवतोय. मशीन लर्निंग म्हणतात ते. तो वेग बदलून बघतो, चुकतो, पुन्हा बघतो."

मी लगेच नात्यात कळवून टाकलं, की भाऊजींनी मशीनला शाळेत घातलंय. जीजींनी विचारलं, "मंग पास व्हतंय का ते?"

"व्हतंय जीजी, लई मार खाऊन. बारक्या गणितात पास हाय. मोठ्यात अजून नापास."

स्वतःची बातमीही त्यांनी आम्हाला अशीच दिली. आधी म्हणाले, "वहिनी, भाजीत तिखट जरा कमी घाला." मग, पोटात टोचल्यासारखं होतं. मग, एकदा दाखवून येतो. मग, डॉक्टर घरच्यांना घेऊन या म्हणतात. मी आपली तिखट कमी घालत राहिले. बातमी तेव्हाच निघाली होती, हे माझ्यासारखीला कळायचं कसं?

दवाखान्यात एके दिवशी सकाळी हे औषधं आणायला खाली गेल्यावर भाऊजी म्हणाले, "जीजीला तुम्ही सांगायचं."

"मी? बरणी विसरलात वाटतं."

"बरणीमुळंच तर म्हणतोय. चुकलेलं माणूसच शिकतं. दादा दारातच रडेल."

"मग अरुंद जागा कुठं तेही सांगून ठेवा," मी आपली चेष्टेवर नेत म्हटलं.

"मामाच्या वेळी कुठं होती?"

"घाटात. शेवटच्या वाक्याला."

"नाही. दवाखाना म्हटल्याबरोबर तिनं माझा हात आवळला. म्हणून सिल्लोडपर्यंत मी तोंड उघडलं नाही. घाटात सांगितलं ते तिला ठाऊकच होतं." जरा दम खाऊन म्हणाले, "माझ्या वेळी कुठं येईल ते मात्र मला सांगता येत नाही."

"आणि तुमचं ते मोठं गणित?"

"राहिलं."

भाऊजींचं इतकं तोकडं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

ते गेले दुपारी. हे तिथंच थांबले आणि मी रिक्षानं निघाले. शहागंजात रिक्षा अडकली. हातगाड्या, हॉर्न, आणि मांडीवर सारखा वाजणारा फोन. म्हणजे गल्लीत कळलं होतं. मी वाक्यं ओळीनं लावत होते आणि पुन्हा मोडत होते.

जीजी देवापुढं वाती वळत होत्या. मी शेजारी बसले.

"जीजी, भाऊजींना आज जरा जास्त झालंय."

"व्हय."

"श्वास घ्यायला जड जातंय म्हणाले डॉक्टर."

"व्हय."

त्यांचा हात थांबेल तिथं आपणही थांबायचं, असं मी ठरवून आले होते. हात थांबतच नव्हता. कापूस, बोटं, वात. पुन्हा कापूस. मला जागा सापडेना.

"तिथवर ठाव हाय मला," जीजी मान वर न करता म्हणाल्या. "पाडव्यापासनं थोडं थोडं सांगत व्हता. म्हणला, शेवटचं तेवढं वहिनी सांगंल."

बाहेर फाटक वाजलं. अंगणात चपला निघू लागल्या, कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. उरला होता एकच शब्द. जन्मभर 'हॅलो'च्या आधी तोंडातून सुटणारा तो शब्द आता सुटेना. जीजींनी वात खाली ठेवली आणि माझा हात आवळून धरला.

"म्हण पोरी, गेला म्हण," त्या म्हणाल्या. "बाहेरच्यांच्या तोंडून नगं मला."