बंगई आणि मधला स्पीकर

पोट्ट्यांनो,

हा शब्द तुमच्या आजोबांचा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली बाई, मी तुम्हांला 'मुलांनो' म्हणायला हवं. पण तुम्ही इतके लांब राहता की सभ्य शब्द वाटेतच थंड होतात.

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी जाहीर केलं की त्यांनी माझ्यासाठी साउंडबार पाठवला आहे, तेव्हा टीव्हीखालचा तो लांबट काळा डबा आता भंगारवाल्याला द्यायचा. त्यावर धाकटीने विचारलं, "आजी, त्या शवपेटीत काय आहे?" म्हणजे तिने इंग्रजीत 'कॉफिन' म्हटलं, पण अर्थ तोच. साउंडबार येण्याआधी त्या शवपेटीची हकीकत तुम्हांला कळायला हवी, म्हणून आजच लिहायला बसले.

रायपूर राजधानी झालं तेव्हा आम्हा जुन्या रहिवाशांना कुणी विचारलं नव्हतं. भोपाळहून साहेब आले, साहेबांमागे त्यांचे सोफे आले आणि सोफ्यांमागे होम थिएटरची दुकानं आली. जिथे कालपर्यंत शेतीचे पंप मिळायचे, तिथे काचेच्या दारामागे भली माणसं अंधारात बसून हेलिकॉप्टरचा आवाज ऐकू लागली. त्याच सुमारास तुमचे आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, आणि पाठोपाठ त्यांचे कान. स्वतःच्या निवृत्तीला त्यांनी हार घालून घेतला. कानांच्या निवृत्तीची बातमी मात्र शेवटपर्यंत मान्य केली नाही.

आपल्या घरी रविवारी दुपारी नाटक असायचं. डीव्हीडीवरचं, पण नाटकच. या शहरात मराठी नाटक आलं तर आलं. घरोघरची पोरं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणार. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी कानावर सरळ मराठी पडावं, असा आजोबांचा हट्ट होता. पुरानी बस्तीतून त्यांची बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, रिक्षा करून यायची. चिवडा, चहा, नाटक, आणि नंतर आजोबा त्यातली वाक्यं म्हणून दाखवणार.

मग ते मध्येच उठू लागले. गेट लावलं का बघतो. मोटर बंद केली का बघतो. आमच्या गेटकडे त्याआधी कुणी इतक्या प्रेमाने पाहिलं नव्हतं. जेवढा वेळ बसायचे, तेवढा वेळ माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी हसले की हसायचे, सगळ्यांच्या मागून. नंतर वाक्यं म्हणणंही बंद झालं. एक दिवस हे उठतील आणि परत हॉलमध्ये येणारच नाहीत, मागच्या ओसरीत एकटे बसून राहतील, ही मला धास्ती होती. बडबड्या माणसाशी मी लग्न केलं होतं. मुक्या माणसाची मला सवय नव्हती.

कानात यंत्र घालण्याचा विषय काढला की ते भडकायचे. "मले सगळं ऐकू येते! हे नटच तोंडातल्या तोंडात बोलून राहिले."

"नट पुण्यामुंबईचे आहेत, दादा," आत्याआजी म्हणायची. "त्यायच्या तोंडात काही रायपूरचा गुटखा नाही."

तुमच्या बाबांनी फोनवरून उपाय सांगितला: सेंटर चॅनल घ्या. आजोबांनी दुकानात जाऊन बुकशेल्फ स्पीकरची जोडी पसंत केली, कारण तिच्यावर त्यांना नाट्यपद ऐकवलं होतं. दुकानदाराला मी विचारलं, यांतलं चांगलं कोणतं? तो म्हणाला, "आंटीजी, दोनों बढ़िया हैं." कोणत्याही प्रश्नाला तो हेच उत्तर देत होता. शेवटी मी दोन्ही आठवडाभर वापरून बघायला मागितले. ते आणि ॲम्प्लिफायर घरी पोचवायला तो आनंदाने तयार झाला. घरात शिरलेली वस्तू परत जात नाही, हे त्याला ठाऊक असणार.

फरक थोडक्यात सांगते. बुकशेल्फ स्पीकर म्हणजे दोन उभे छोटे डबे, टीव्हीच्या दोन बाजूंना एकेक. त्यांच्या बरोबर मध्ये बसलं तर आवाज मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही, तिथून आल्यासारखा वाटतो. सेंटर चॅनल म्हणजे टीव्हीखाली आडवा ठेवायचा एकच डबा. ॲम्प्लिफायर बोलणं तेवढं त्याच्याकडे पाठवतो, म्हणून तुम्ही कुठेही बसा, माणूस पडद्यातूनच बोलतो. जोडी गाण्याला चांगली, मधला बोलण्याला. इतकं साधं आहे. पण आपल्या घरी बंगई होती.

तुमच्या पिढीला ती झोपाळा म्हणून माहीत आहे. आपल्या नागपूरकडच्या माणसाला बंगई हे आसन नसतं, तो त्याचा अवयव असतो. ती टांगलेली आहे टीव्हीच्या भिंतीला समांतर. आजोबा तिच्यावर टीव्हीकडे तोंड करून मांडी घालायचे आणि बाजूच्या भिंतीला हात लावून झोका घ्यायचे, म्हणजे झोका आडवा, डावीउजवीकडे. पुस्तकं हलवायला मी साफ नकार दिल्यामुळे एक बुकशेल्फ स्पीकर शिलाई मशीनवर होता आणि दुसरा स्टुलावर. आजोबा नाटकभर मशीनकडून स्टुलाकडे आणि स्टुलाकडून मशीनकडे जात होते. आणि आम्ही दोन शिकलेली माणसं असं करून स्पीकरची परीक्षा घेत होतो.

आधी आत्याआजीने तिन्ही डब्यांना हळदकुंकू वाहिलं. मधल्याच्या कपाळावर स्वस्तिक काढलं. नारळ त्याच्यावरच फोडणार होती, मी आवरलं. मग जोडी सुरू केली. नाट्यपद लागलं आणि आजोबांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं झालं काम. मग नाटक लागलं.

"वा! याले म्हणतात स्टिरिओ," ते झोका घेत ओरडले. "नायक पूर्ण स्टेजवर फिरून राहिला!"

"अहो, नायक खुर्चीत बसलाय."

"मग आवाज काहून फिरते?"

थोड्या वेळाने ते गेट बघायला गेले.

परत आले तर बंगईवर आत्याआजी. तिची नेहमीची खुर्ची मी पापड वाळवायला घेतली होती. आत्याआजी देहाने भक्कम. ती बसली आणि तिने दोन्ही पाय जमिनीवर रोवले की बंगईची हलायची छाती नसते. आजोबा तिच्या शेजारी निमूट बसले. जरा वेळाने म्हणाले, "ऐकलं का, काय म्हणाला तो? म्हणे, सासरा आहे की सावकार!"

मी चमकले. वाक्य तेच होतं. मग आत्याआजी पाणी प्यायला आत गेली, बंगई सुरू झाली, आणि आजोबा पुन्हा माझ्या तोंडाकडे बघू लागले. ती परत येऊन बसली, आणि त्यांना पुढचं वाक्य ऐकू आलं.

"अहो," मी म्हटलं, "झोका थांबवा. तुम्ही जिथे जाता तिथला स्पीकर कानात ओरडतो, दुसरा राहतो मागे. शब्द मधल्यामध्ये सांडतात."

"बंगई थांबवायची तर मंग बंगईवर काहून बसायचं?"

"मग खुर्चीत बसा."

"खुर्चीत जन्मभर ऑफिस केलं मी. आता नाही."

"हव, मी येत जाईन दर रविवारी ब्रेक म्हणून," आत्याआजी म्हणाली. "चिवडा वाढवा म्हणजे झालं."

नवऱ्याला बांधता येत नाही, बंगईला येईल, असं मी बोलून पाहिलं. ते म्हणाले, "बांध मंग, मी चाललो ओसरीत." गंमत तिथे संपली.

दुसऱ्या दिवशी आत्याआजी पुन्हा हजर होती, निकाल बघायला. जोडीच्या तारा काढून मी मधला स्पीकर लावला. आधी नाट्यपद. पत्र्याच्या पेटीत कोंडलेला गवई गातोय असं वाटलं. आजोबांनी कपाळाला हात लावला. "हे तुह्या पोराची निवड," मला म्हणाले. पोरगा चुकला की तो नेहमी माझाच असायचा.

मग कालचंच नाटक पुढे लावलं. आजोबा मुद्दाम मोठे झोके घेऊ लागले. दोन्ही टोकांना आवाज किंचित पोकळ होत होता, ते मलाही कळत होतं. पण तो टीव्हीखालून हलत नव्हता, आणि शब्दाला शब्द सुटा येत होता. मी नाटकाकडे बघतच नव्हते. गेट केव्हा आठवतंय, याची वाट बघत होते.

आणि मध्येच ते हसले. मोठ्याने, पोट धरून, आमच्या कुणाच्याही आधी. मग माझ्याकडे वळून बघितलं. मी गंभीर.

"काहून?" ते म्हणाले. "तुले ऐकू नाही आलं का?"

"नाही," मी म्हटलं. "काय म्हणाला?"

त्यांनी ते वाक्य मला म्हणून दाखवलं. मग आत्याआजीला म्हणून दाखवलं. चहाच्या वेळी दोघींना पुन्हा.

दुकानात काहीच परत गेलं नाही. जोडी गाण्याला, मधला नाटकाला, आणि तिन्ही एकदम सुरू केले की शेजारच्यांना. आजोबा असेपर्यंत रविवार कधी चुकला नाही, आणि गेटकडे पुन्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तर आता काय शिल्लक आहे ते सांगते. मशीनवरचा स्पीकर गेला. स्टुलावरचा खरखरतो. आत्याआजी अजून रविवारी येते आणि म्हणते, हे नवे नट तोंडातल्या तोंडात बोलून राहिले. साउंडबार आला की मी तो माझ्या खोलीत लावेन, बाबांना तसं सांगा. बंगईच्या कड्यांना मी तेल घालते, तिच्यावर मीच बसते, आणि मधला स्पीकर चालू आहे. त्याच्यावरचं स्वस्तिक थोडं पुसलं आहे, बोलणं स्पष्ट आहे.