बिरूचा डावा पाय

शेळगावचा बिरू आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आला, आणि एवढ्या एकाच कर्तबगारीवर त्याचं नाव इंदापूरपासून बारामतीपर्यंत झालं. पायाळू माणसानं उसण भरलेल्या कमरेला लाथ लावली की कंबर मोकळी होते, हे त्या मुलखात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. दुखणेकरी यायचा, कमरेवर हात, तोंड वाकडं, आणि दारापुढं पालथा पडायचा. बिरू डोळे मिटून बिरोबाचं नाव घ्यायचा आणि अंधारात ओढ्याचं पाणी चाचपावं तसा डावा पाय त्या पाठीवर ठेवायचा. मग टाचेचा एक झटका. आत कुठंतरी कट्‌ वाजायचं.

बिरू तसा लाजाळू. मेंढरांवरसुद्धा ओरडायचा नाही. तरी त्यानं पाटलाला लाथ घातली होती, कचेरीतल्या कारकुनाला घातली होती, मिशीला पीळ देणाऱ्या एका पैलवानालाही. लाथ घालून झाली की हा उलट त्यांनाच हात जोडायचा. बदल्यात घ्यायचा काही नाही. सुपारीचं खांड नाही की चहाचा घोट नाही. घेतलं की पायाचा गुण जातो, असं आजीनं बजावून ठेवलं होतं.

हाच गुण संसाराला नडला. उन्हाळ्यात तो इंदापूरला कुणाची तरी कंबर मोकळी करायला गेला आणि मागं लांडग्यानं कोकरं नेली. बायको बानूबाई भांडली नाही. गाठोडं बांधून डाळजला माहेरी निघून गेली. सासरा आबाजी म्हणाला, "जगाच्या पाठी तुडवत हिंडनाऱ्याच्या घरी माझी लेक न्हाय नांदायची."

दिवाळी गेली. बिरू अधूनमधून डाळजला जाऊन ओसरीवर बसून यायचा. बानू आत भाकरी थापत राहायची. थापण्याचा आवाज मात्र जरा मोठाच यायचा.

मग ऐन मेंढरं कातरायच्या दिवसांत आबाजी एक मेंढी उचलायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. बारामतीच्या डॉक्टरनं फळीवर निजून राहायला सांगितलं. आबाजीला निजणं जमेना आणि उठणं होईना. शेवटी सासू तानूबाईनं जावयाला निरोप धाडला.

बिरू आला तेव्हा म्हातारा घोंगडीवर कण्हत पडला होता.

"लग्नात जावयाचे पाय म्या धुतले," आबाजी म्हणाला. "आता त्येच पाटीवर घिऊ व्हय?"

"मग ऱ्हावा तसंच," तानूबाई म्हणाली. "कातरायला मानसं आल्यात, अन् तुमी हितं मोडक्या खुंट्यावानी. पालथं व्हा!"

आबाजी शिव्या देत पालथा झाला.

"मामा, देवाचं नाव घ्या."

"तू घे. मला दुखतंय."

दाराआड बांगड्या वाजल्या. आधी बोलून घ्यावं, असं बिरूच्या मनात आलं. लेक धाडा, मग पाय लावतो. शब्द ओठांपर्यंत आले. पण खाली ती पाठ होती, हाडं वर आलेली, उन्हानं करपलेली, पीक निघून गेलेल्या माळासारखी. तिच्याशी सौदा करायला त्याची जीभ उचलेना. त्यानं पाय ठेवला.

कट्‌.

 आबाजी उठून बसला, उभा राहिला, कमरेतून डुलला आणि हसला.

"आरं तिच्या! बानू, गाठुडं बांध! जावई, घिऊन जा तुजी बायकू. दिली!"

बिरूचं तोंड उतरलं. "न्हाय, मामा."

"न्हाय? मग ओसरी कशापायी झिजवत हुतास?"

"आज कसं न्यू? म्या पाय लावला, अन् तुमी दिली. घेतली तर गुन जाईल. म्होरल्या म्हैन्यात येतो की."

तानूबाईनं तोंडाला पदर लावला. बानू पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"गुन मोठा का मी मोठी?"

"तू," बिरू चटकन म्हणाला. मग अडखळला. "पन गुन माजा न्हाय गं. उद्या कुनी वाकडा हून दारात आला, तर त्येला काय सांगू? बायकू घिऊन बसलो म्हनून?"

बानूनं हाताचं पीठ झटकलं. असल्या माणसावर रागवायचं तरी किती?

"पाटी तुडवायला जाताना मला सांगून जायचं. मेंढरं माज्या हवाली करून. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मग आबा, तुमी मला द्यायची न्हाय, अन् ह्यांनी घ्यायची न्हाय. मी माजी चाललेय."

तिनं हात धुतले, गाठोडं उचललं आणि शेळगावची वाट धरली. बिरूनं तिला चांगलं पुढं जाऊ दिलं, मग तो निघाला. ती थांबली की तोही थांबायचा. वाटेत एकानं हटकलं, "काय बिरूबा, आनलीस का बायकू?"

"न्हाय बा," बिरू घाईघाईनं म्हणाला. "ती तिची चाललीय. मीबी तिकडंच निघालोय."