जुईचा पोळीचा डबा

आमच्या कात्रजच्या बालगृहात काम करणाऱ्या दोघीजणी कुठेही भेटल्या की किस्से सुरू. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. घरचे वैतागतात, पण करणार काय, रोज एक नवा जमा होतो. आज फक्त जुईचे सांगते. नाव बदललंय, बाकी सगळं खरं.

*

जुई आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या घरची मोठी माणसं 'आत्ता येतो' म्हणून जायची ती यायचीच नाहीत. आली तर मारायची. मला हे कुठे माहीत? पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "पाणी घेऊन आत्ता येते हं."

"सगळे असंच म्हणतात," ती शांतपणे म्हणाली.

*

मग तिच्या उशीखाली पोळ्या सापडल्या. मुंग्यांसकट! मी रागवायला निघाले, तर आमच्या शैलाताईंनी अडवलं. सगळ्यांत जुन्या त्या, आणि बोलणं अस्सल पुणेरी पेठेतलं. "उद्या जेवण मिळेल यावर तुमचा विश्वास आहे, तिचा नाही. डबा द्या तिला."

रोज रात्री स्टीलच्या डब्यात ताजी पोळी ठेवायला लागलो. आधी ती उठून उठून झाकण उघडायची. पुढे नुसता हलवून बघायची. नंतर तर डब्याला हात लावून झोपायची.

*

सुट्टीच्या दिवशी घरी निघाले, तर माझ्या चपला गायब. अख्खं बालगृह पालथं घातलं. शैलाताई म्हणाल्या, "जुईनं लपवल्यात. म्हणजे तुम्ही आवडलात. अभिनंदन."

मी बाथरूमच्या स्लिपर घालून बसनं खडकीला घरी गेले. दुसऱ्या दिवशी परतले तर जुई दारातच, मांडीवर माझ्या चपला.

"आलीस?"

तेव्हापासून आमच्यात रीतच पडली. सुट्टीवर जाताना आपली एक वस्तू जुईकडे ठेवायची आणि आल्यावर मागून घ्यायची. माझी ओढणी, शैलाताईंचं चष्म्याचं घर.

*

एकदा शैलाताई सहाला येते म्हणाल्या आणि कात्रज चौकात अडकल्या. आल्या आठला. जुई चष्म्याचं घर घट्ट धरून बसलेली. ट्रॅफिकचं नाव न काढता ताई तिच्यासमोर खाली बसल्या. "सहा म्हणाले, आठला आले. चुकलं माझं."

जुईनं घर परत केलं. "फोन करायचा असतो."



*

परवा शाळेची सहल होती, मुक्कामाची. बालगृह सोडून जुई कधी कुठे राहिलेली नव्हती. बस सुटणार, तेवढ्यात ती खाली उतरली आणि पळत आत गेली. झालं, आता काही जात नाही ही, असं मला वाटलं.

ती बाहेर आली ती डबा घेऊन. माझ्या हातात दिला.

"हा ठेव तुझ्याकडे. आत पोळी आहे, भूक लागली तर खा. डबा मात्र उद्या आल्यावर मला परत हवा."


आणि मागे वळूनही न बघता बसमध्ये चढली.